अठराव्या कार्डावरचा बॉल

माझा दादा चष्मे बनवतो आणि फुटबॉलची कार्डं जमवतो. चष्म्यांवर आमचं घर चालतं, कार्डांवर आमची भांडणं. दुकान आम्हा दोघांचं. पुढच्या खोलीत मी डोळे तपासते, फ्रेम दाखवते आणि कुठली फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकाला शोभत नाही ते तोंडावर सांगते. मागच्या खोलीत दादा काचा घासतो. दोन खोल्यांच्या मध्ये एक पडदा आहे, तो खास मला दादाचा राग आल्यावर ओढण्यासाठी.

ही कार्डं पत्त्यांएवढी असतात. पुढे खेळाडूचा फोटो, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत त्याची उंची, वजन, किती सामने खेळला ते. दादा बारा वर्षांचा असताना आमच्या शहराच्या संघाने करंडक जिंकला आणि अठरा खेळाडूंची अठरा कार्डं निघाली. नुसती कार्डं जमवणं दादाला पोरखेळ वाटतो. त्याला प्रत्येक कार्डावर त्या त्या खेळाडूची सही हवी, वरच्या उजव्या कोपऱ्यात, निळ्या मार्करने. बाकी त्याला आयुष्यात काही नको. लग्नसुद्धा नको होतं, पण वहिनीने ते त्याला सामने नसलेल्या महिन्यात उरकायला लावलं.

सतरा सह्यांसाठी त्याने जिवाचं रान केलं. एक खेळाडू त्याला दाताच्या डॉक्टरकडे सापडला. अर्धं तोंड बधिर असल्यामुळे बिचाऱ्याला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्याने मोटार शिकवायचा क्लास काढला होता, तर दादाने तिथे नाव घातलं. दादाकडे दहा वर्षांपासून लायसन्स आहे. सहाव्या दिवशी सही मिळाली आणि सातव्या दिवशी त्या माणसाने दादाला सांगितलं की तुम्हाला काही गाडी जमायची नाही.

राहिला होता गोलकीपर. सगळं शहर त्याला 'भिंत' म्हणायचं. अख्ख्या मोसमात त्याने मोजून चार गोल खाल्ले, आणि कार्ड छापणाऱ्या शहाण्यांनी फोटो निवडला तो त्यातल्याच एकाचा. भिंत डावीकडे आडवी पडलेली, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, जाळ्यात, बॉल. त्या कार्डावर भिंत कुणालाच सही देत नसे. दादाचा दोस्त एक प्लंबर आहे, तोही असाच कार्डवेडा. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. "कागद द्या, टोपी द्या, तळहात पुढे करा," भिंत म्हणाली, "त्या कार्डावर नाही." त्यातून ते कार्ड कुठे मिळतही नव्हतं. दादाला एक मिळवायला अकरा वर्षं लागली.

आणि एका सोमवारी खुद्द भिंत आमच्या दुकानात आली. मी ओळखलं नाही. मला दिसला तो टोपी घातलेला एक दांडगा, संकोची माणूस, ज्याला लांबचं सगळं वाचता येत होतं आणि जवळचं काहीच नाही. मी दादाला मापं घ्यायला हाक मारली. दादा पडदा सारून आला आणि तिथेच खिळला. दोन बुबुळांमधलं अंतर त्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा वेगळं आलं.

"दादा, ह्यांचे डोळे हलत नाहीयेत," मी म्हटलं. "तुझा हात हलतोय."

चष्मा गुरुवारी द्यायचं ठरलं. सही मागायची तर गुरुवारीच. भिंत कदाचित नाही म्हणेल, पण मागायच्या आधी कार्ड तयार हवं. कार्डावर चकाकी असते, तिच्यावर शाई धरत नाही, ओघळते. म्हणून ही कार्डवेडी मंडळी सहीची जागा आधी खोडरबरने हलकेच घासतात आणि टाल्कम पावडर लावून कापसाने पुसतात. दादाने सतरा कार्डं अशीच केली होती. पण ह्या वेळी त्याला खोडरबर पुरेसं वाटेना. समोर काचांना पॉलिश करायचं यंत्र होतं. त्याचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, चाक काचेवरचा बारीकसा ओरखडाही घालवतं. दादाने कार्डाचा कोपरा चाकाला टेकवला. जेमतेम तीन सेकंद.

चकाकी गेली. बॉलही गेला. जाळ्यात पांढुरकं धुकं तेवढं राहिलं.

दादा त्या दिवशी जेवला नाही. गुरुवारी भिंत आली तेव्हा त्याने कार्ड खणात कोंबलं आणि तोंड शिवल्यासारखा उभा राहिला. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. अकरा वर्षं आमचं डोकं खाल्लंस, आता माणूस पुढ्यात उभा आहे तर मुका झालास? जवळचं वाचून घ्यायचा तक्ता हाताशीच होता, पण मी खणातून ते कार्ड काढलं आणि उलटं करून भिंतीच्या हातात दिलं.

"हे बारीक अक्षर दिसतंय का बघा."

"उंची सहा फूट दोन," भिंतीने वाचलं. "वजन..." मग ती थांबली. तिने कार्ड सुलटं केलं. दादाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"बॉल कुठंय?"

"माझ्या हातून पुसला गेला," दादा पुटपुटला. "चुकून. माफ करा."

भिंत ते कार्ड कितीतरी वेळ बघत राहिली, चष्मा लावून, चष्मा काढून, पुन्हा लावून. मग म्हणाली, "पेन आहे?"

सही मिळाली. दादा रस्त्यावर जाऊन नाचला आणि प्लंबरला बोलावून आला. प्लंबरने कार्ड उजेडात धरलं. "छान," तो म्हणाला, "पण हे खराब झालेलं कार्ड. यादीत नाही धरता येणार." खरंच होतं ते. दादाचं तोंड एवढंसं झालं आणि मला प्लंबरला चाकावर धरावंसं वाटलं.

शनिवारी सकाळी भिंत बिस्किटांचा मोठा डबा घेऊन परत आली. डब्यात तेच कार्ड होतं, बेचाळीस वेळा. तिने ती वर्षानुवर्षं बाजारातून, दुकानांतून, पोरांकडून विकत घेतली होती, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. दादा अकरा वर्षं एकासाठी वणवण फिरला, आणि हा डबा आमच्यापासून चार गल्ल्यांवर एका कपाटात होता.

"सगळ्यांवरचा बॉल काढून द्याल?" भिंतीने विचारलं.

कार्ड जमवणाऱ्याला असं सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने घर पेटव म्हणण्यासारखं. मला वाटलं, दादा चक्कर येऊन पडणार. त्याने डब्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि यंत्र सुरू केलं. दुपारपर्यंत एक्केचाळीस झाली. भिंत शेजारच्या स्टुलावर बसून नव्या चष्म्यातून एकेक तपासत होती. एका कार्डावर किंचित काळं उरलं होतं, ते तिने परत दिलं. बेचाळिसावं दादाने चाकाकडे नेलं तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"हे राहू दे. हे तुमचं."

दादाने खोडरबर काढलं. मग पावडर, मग कापूस. बाळाचे गाल पुसावे तसं त्याने ते पुसलं, आणि मला सांगायला लाज नाही, माझे डोळे भरून आले. भिंतीने बॉलच्या अगदी शेजारी सही केली. पेनाचं टोपण लावलं आणि हळूच म्हणाली, "पण एक सांगतो. तो ऑफसाइड होता."

तो सामना दादाने गोलच्या मागे उभं राहून पाहिला होता. गेली अठ्ठावीस वर्षं तो आम्हाला जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि तीन चमचे मांडून सिद्ध करून दाखवत आलाय की गोल शंभर टक्के बरोबर होता आणि ऑफसाइड म्हणणारे सगळे आंधळे आहेत.

"होताच," दादा म्हणाला. "चांगला दोन पावलं."