भिंतीसाठी एक फोटो

माझे सासरे पंडित पाटील. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांना चहा विचारला की ते आधी विचारणाऱ्याला विचारतात, "तू घेणार आहेस का?" लग्न होऊन मी डिंडोलीच्या या घरात आले तेव्हा वाटलं, किती समजूतदार माणूस! सहा महिन्यांत कळलं, समजूतदारपणाचा इथे काही संबंध नाही. माणसाला ठरवताच येत नाही.

अशा माणसाचा कॅमेरा दिवाळीनंतर बिघडला. रोलचा, जुन्या जमान्यातला. बटण दाबलं की आतला आरसा वर जायचा आणि तिथेच अडकायचा. भागळच्या बाजारात एका गल्लीत भूपेंद्रभाई म्हणून अजूनही असले कॅमेरे उघडणारा एक गुजराती म्हातारा बसतो. त्याने दोन रस्ते सांगितले. एक तर हाच दुरुस्त करायचा, पण किती दिवस चालेल ते देवाला ठाऊक. नाहीतर अगदी याच बनावटीचा दुसरा त्याच्याकडे विकायला आलेला होता, तो घ्यायचा. दोन्हीचा खर्च सारखाच. इथेच घात झाला. एक रस्ता स्वस्त असता तर अण्णांच्या वतीने पैशांनीच ठरवून टाकलं असतं. ते कॅमेरा तिथेच ठेवून, "विचार करून सांगतो," म्हणून घरी आले.

मग विचारसत्र सुरू झालं. दूधवाल्याला विचारून झालं, माझ्या नवऱ्याला म्हणजे कुंदनला तीनदा विचारून झालं. मी उधन्याच्या शाळेत शिकवते, तर माझ्या मुख्याध्यापकांनाही विचारून ये म्हणाले. सकाळी दुरुस्तीकडे झुकलेले असायचे, जेवणानंतर नव्याकडे. अण्णांनी एकतीस वर्षं लूमवर कापड विणण्यात काढली. ताण्याचा धागा तुटला की गाठ मारायची आणि लूम पुन्हा सुरू करायचा, हे त्यांच्या बोटांत बसलेलं. पण त्याच कारखान्यात मालकाने एक दिवस सगळे जुने लूम भंगारात काढून नवे आणले, आणि जुन्या लूमबरोबर जुने कारागीरही घरी पाठवले. त्यामुळे दुरुस्ती बरी की नवं बरं, या प्रश्नावर अण्णांच्या मनात दोन वकील कायमचे भांडत असतात. निकाल कुणीच देत नाही.

तुम्ही म्हणाल, न का ठरेना, आता फोटो मोबाईलवर निघतात. मीही तेच म्हणत होते. पण अण्णा फोटो काढतात ते भिंतीसाठी. आमच्या भागात खानदेशातून लूमच्या कामाला आलेली घरं पुष्कळ. घरातलं म्हातारं माणूस थकायला लागलं की घरचे रविवारी त्याला अण्णांकडे घेऊन येतात. मागे पांढरी चादर, पुढे प्लास्टिकची खुर्ची. बाईला नवं लुगडं, बाप्याला टोपी. एकट्याचा फोटो, कंबरेपासून वर. तो मोठा करून पेटीत ठेवून द्यायचा आणि वेळ आली की हार घालून भिंतीवर लावायचा. लोक म्हणतात, अण्णांच्या हाताला गुण आहे. त्यांनी फोटो काढलेलं म्हातारं दहा-दहा वर्षं भिंतीवर जात नाही.

आणि नेमका आमच्याच घरातल्या म्हातारीचा फोटो राहिला होता. अण्णांच्या आई मालतीबाई, वय चौऱ्याऐंशी, भिंत धरून चालतात, पण आवाज अजून शेतातल्या बाईचा. रोज सकाळी त्यांचं सुरू व्हायचं, "पंडित, मना फोटू कव्हय काढशी?"

"कॅमेरा बंद शे, माय."

"मंग चालू कर!"

मी मोबाईल पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. शेजारच्या सरलाबाई अचानक गेल्या तेव्हा फोटो नव्हता, म्हणून मुलांनी आधार कार्डावरचाच मोठा करून लावला. त्याची धास्ती आजींनी घेतलेली. "दख तिले," म्हणाल्या, "चोरी करताना धरेल शे आशी वाटस."

महिना उलटला. एका रविवारी अण्णांनी मला पुन्हा विचारलं, "गायत्री, तुला काय वाटतं, दुरुस्त करू की दुसरा घेऊ?" मी भाजी निवडत होते. माझा पारा चढला. मी म्हटलं, "अण्णा, आजी रोज तुमच्या तोंडाकडे बघतात. त्या गेल्यावर ठरवणार आहात का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांना असं बोलायचं नसतं. अण्णा रागावले नाहीत. भिंतीकडे बघत राहिले. तिथे माझ्या सासूबाईंचा फोटो आहे. मी त्यांना पाहिलेलं नाही, फोटोतच काय ती ओळख.

"तो मी काढलेला आहे," अण्णा म्हणाले. "रोलमध्ये एक फोटो उरला होता. म्हटलं, वाया कशाला घालवायचा, बस. ती कणकेच्या हातांनी येऊन बसली. काही आजार नाही, काही नाही. दीड महिन्यात गेली."

मी भाजी बाजूला ठेवली.

"लोक म्हणतात गुण आहे. आहेही. मी मोजलेत, सतरा जण अजून फिरताहेत. पण हिच्यासारखे तिघं लगेच गेले, ते मलाच ठाऊक. आता तूच सांग, हे गुण-अवगुण हाताचे की कॅमेऱ्याचे? कॅमेऱ्याचे असतील तर दुसरा घ्यावा. पण मग सतरा जणांचा गुणही गेला. हाताचे असतील तर दुसरा घेऊन उपयोग काय? आणि दुरुस्त केला तर काय दुरुस्त होणार, गुण की अवगुण?"

इतके दिवस मी त्यांना चंचल म्हणत होते. आता माझंच डोकं गरगरायला लागलं. मी विज्ञान शिकवते. असलं काही नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरी त्यांच्या हिशेबात कुठे चूक आहे ते बोट ठेवून सांगता येईना.

आजी आतल्या खोलीत झोपलेल्या नव्हत्याच. भिंत धरत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "फोटू काढीसन कोन्ही मरस का रे, येड्या?" मग आवाज खाली आला. "माले मनी मायनं तोंड याद येत नही. तिना फोटूच नव्हता. डोळा मिटीसन बठस, तिना हात दिसस, बांगड्या दिसतंस. तोंड नही दिसत. मी गऊ म्हंजे मनं तोंड कोन्हाले याद ऱ्हाई?"

त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. अण्णा उठले, चपला घातल्या आणि तडक भागळला गेले. मी म्हटलं, चला, सुटलं एकदाचं.

कुठलं सुटतंय! संध्याकाळी अण्णा कॅमेरा घेऊन आले ते आणखीच गोंधळलेले. भूपेंद्रभाई त्यांची वाट बघून कंटाळला होता. "पंडितभाई, तमे तो नक्की करवाना नथी," तुम्ही काही ठरवणार नाही, असं म्हणून त्याने परस्परच विकायचा कॅमेरा उघडला आणि त्याचं आतलं यंत्र काढून अण्णांच्या कॅमेऱ्यात बसवून टाकलं होतं. म्हणजे डबा जुना, काच जुनी, आतला जीव दुसऱ्याचा.

"हा आता कोणता म्हणायचा?" अण्णांनी मला विचारलं. "माझा की तो दुसरा? जुना हिशेब याला लागू होतो की नाही?"

"होत नाही," मी ठणकावून सांगितलं. मला काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी आजी पहाटेपासून नवं लुगडं नेसून तयार. कुंदनने चादर बांधली, खुर्ची ठेवली. आजी जवळच्या बाजेवर बसून केस सारखे करत होत्या. अण्णांनी रोल भरला, काच पुसली, पुन्हा पुसली. मग कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतःच जाऊन खुर्चीवर बसले.

"आधी माझा काढ," म्हणाले. "दीड महिना बघू. मी राहिलो तर मायचा काढू."

इतक्या सरळपणे म्हणाले, जणू भात शिजलाय का ते शीत दाबून बघू. त्यांनी टोपी नीट केली, हात मांडीवर ठेवले. हसावं की नको हे न कळून तोंड अर्धवट उघडं राहिलं. कुंदन ओरडला, "अण्णा, हा काय वेडेपणा?" मला वाटलं, काढून टाकावा एकदाचा, म्हणजे दीड महिन्याने यांच्या डोक्यातलं भूत उतरेल. मी डोळा लावला, बोट बटणावर ठेवलं.

आणि समोर काळोख झाला.

काचेवर आजींचा पंजा होता. बाजेवरून त्या कधी उठल्या, भिंतीचा आधार न घेता ती चार पावलं कशी चालल्या, आम्हा तिघांपैकी कुणीही पाहिलं नाही. त्या कॅमेरा माझ्या हातातून ओढत होत्या.

"माय," अण्णा म्हणाले, "फोटू काढीसन कोन्ही मरत नही, तूच म्हने ना?"

"मना काढ!" आजी ओरडल्या. "मना कितला बी काढ. मी जित्ती शे तवलोंग तुना फोटू कोन्ही काढाना नही!"

अण्णा खुर्चीवरून उठले. आईला दोन्ही दंडांना धरून त्यांनी तिथे बसवलं, सुटलेला पदर डोक्यावर नीट केला आणि माझ्याकडून कॅमेरा घेतला. आजी अजून धापा टाकत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चेहऱ्यावर राग तसाच. थोडं थांबू या, असं मी म्हणणार होते, पण अण्णांनी कुणालाही न विचारता बटण दाबलं.