तिसरी नळी

आमच्या घरची ठासणीची बंदूक सासऱ्यांच्या माघारी माझ्या नवऱ्याच्या नावावर आली. परवाना पीक राखायचा. लाखनीच्या पुढे, जंगलाला लागून आमच्या धानाच्या बांध्या आहेत, आणि धान निसवलं की रानडुकरं येतात. डुकरं येतात म्हणून बंदूक आहे, की बंदूक आहे म्हणून डुकरांना चेव येतो, हे मला लग्न होऊन आल्यापासून कळलेलं नाही.

गेली दोन वर्षं ह्यांचा बार चुकत होता. छर्रे भलतीकडेच जात. दोष नळीचा, असं ह्यांनी ठरवलं, आणि कारणही तयार होतं. दरवर्षी दसऱ्याला आमच्याकडे बंदुकीची पूजा होते. नळीवर पाणी शिंपडतात, हळदकुंकू वाहतात, त्यातलं थोडं आत जातंच. मग बाहेरून तेल लावून पुसली की नळी झकास चमकते. आत काय चाललंय ते कोण बघतो? "पूजेनंच खाल्ली नळी," असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणून चिडवायची, पण ते चिडवण्यापुरतंच. मनातून मलाही पटलेलं होतं.

ह्या हंगामात मात्र वेगळंच झालं. दिवेलागणीची वेळ होती. डुकरं आली म्हणत ह्यांनी बार काढला आणि छर्रे धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या मचाणात शिरले. मचाण ह्यांच्या चुलतभावाचं, जेमतेम कमरेएवढं उंच, आणि भाऊजी तेव्हा मचाणावरच होते. त्यांना काही लागलं नाही. खाली उतरून त्यांनी पोटभर शिव्या दिल्या, मग आमच्या अंगणात बसून चहा प्यायले. गावात बोभाटा झाला नाही. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. मला भीती वाटली होती आणि भीती वाटली की मला राग येतो. "नळी बदला, नाही तर बंदूक ठाण्यात जमा करा," मी सांगितलं. "उद्या भाऊजींना लागलं तर मी जाऊबाईला तोंड कसं दाखवू?"

ह्यांनी परवानगीचे सगळे सोपस्कार केले आणि आम्ही बसने नागपूरला गेलो. तिथे एक परवान्याचं बंदुकीचं दुकान आहे. मालक म्हातारा, कानाने थोडा मंद, बोलणं अर्धं हिंदीत. त्याने जुन्या नळीचं मागचं बूच खोलून काढलं, ती खिडकीकडे धरून आत पाहिलं आणि मान हलवली. "गंज तो है ही, पर मधे फुगली पण आहे. इससे निशाना नाही बसणार."

हे माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू कोर्टातली केस जिंकून आलेत. मीही हार मानली. आता पुन्हा पुन्हा यायचं नव्हतं, म्हणून बंदूक नव्यानेच बांधून घ्यायची ठरली. लाकडी दस्ता जुनाच राहणार होता, सासऱ्यांच्या हातचा. बाकी सगळं नळीवर अवलंबून.

मालकाने तीन नळ्या समोर ठेवल्या. काय पाहायचं तेही सांगितलं. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. आत उजेडाच्या चकत्या एकीत एक बसलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी चकती वाकडी दिसली तर नळी वाकडी. भांड्यांच्या दुकानात मी पाण्याचा पितळी गुंड सुद्धा आत हात घालून, वाजवून घेते, त्यामुळे मला हे सगळं आवडून राहिलं होतं. आमच्या बोलीत असंच म्हणतात, आवडून राहिलं.

ह्यांनी पहिली नळी उजव्या डोळ्याला लावली, खिडकीकडे फिरवली. "थोडी खडबडीत वाटून राहिली." दुसरी लावली. "हे बरी आहे." तिसरी बराच वेळ धरली, हळूहळू फिरवली, अगदी जाणकारासारखी. "हेच घेऊ. आरशासारखी साफ आहे. एक डाग नाही."

मी हात पुढे केला, म्हटलं बघू तरी आरसा कसा आहे. नळी डोळ्याला लावली तर आत मिट्ट अंधार. मला वाटलं मी चुकीचं धरलंय. उलटी करून पाहिली. मागच्या टोकाला पोलादी बूच आधीच आटे देऊन पक्कं बसवलेलं होतं. त्या नळीतून कुणालाच काही दिसलं नसतं.

मालकानेही पाहिलं. तो उठला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

मी डावा डोळा हाताने झाकून दाखवला आणि ह्यांना खुणेनेच सांगितलं, असं करा. त्यांनी केलं नाही. एवढ्यावरून कळलं, उजवा डोळा गेलेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाले. डोळ्याच्या शिबिरात दाखवलं होतं. काचबिंदू म्हनाले. गेलं थे परत येत नाही." मग घाईने म्हणाले, "डाव्यानं दिसते मले."

"मग बंदूक डाव्या खांद्याले लावता काय तुमी?"

मालक चहा घेऊन आला. आम्ही चहा प्यायलो. नळी आज नको, असं मीच सांगितलं. बस स्टँडवर मी सुटले. दोन वर्षं बायकोपासून लपवलं, पूजेला दोष दिला, देवाला दोष दिला, सगळं ऐकवलं. आजूबाजूची माणसं बघत होती, बघू दे. मी म्हटलं, "भाऊजी वाचले थे नशीब. नळी खराब होती का डोळा, कोनाले काय सांगायचं आता?"

ह्यांनी बंदुकीची पिशवी गुडघ्यावर ओढून घेतली.

"थ्या दिवशी डुकरं नव्हतेच," ते म्हणाले. "तिकडं काहीतरी काळं हललं, मी थ्याच्यावरच नेम धरला. भाऊच होता थो. नळी चांगली राहिली असती त मेला असता."