भिंतीला टेकून

माघातल्या एका मंगळवारी माझी पत्नी वारली. त्या संध्याकाळी मखमलाबाद गावच्या समाजमंदिरात तिचा योगवर्ग होता.

तिचं सगळं संशोधन शवासनावर होतं. पण भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या तिथल्या बायकांनी उताणं झोपायला नकार दिला. "ताई, जित्या माणसानं असं नाय निजायचं," एकीने सांगितलं. माझ्या पत्नीने वाद घातला नाही. तेव्हापासून बायका भिंतीला टेकून, पाय पसरून, डोळे मिटून बसू लागल्या. आपल्या संशोधनातलं एवढंच लोकांच्या कामी आलं, असं ती म्हणायची, आणि त्यावर ती समाधानी होती.

ती गेल्यावर, एवढं तरी टिकावं म्हणून, तिने लिहून ठेवलेल्या सूचना वाचून दाखवायला मी जाऊ लागलो. मला पाहून बायकांनी पदर सावरले आणि पाय दुमडून घेतले.

"सर, तुमच्यासमोर पाय कसे पसरायचे?" एक आजी म्हणाल्या.

"ताईंसमोर तर आजी घोरायच्या," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या आणि माझ्याकडे लक्ष जाताच गप्प झाल्या.

पुढच्या वेळी मी बाहेर पायरीवर बसून वाचलं. वाचून झाल्यावर आत पाहिलं. त्या तशाच मांडी घालून, डोळे उघडे ठेवून, मान खाली घालून बसल्या होत्या. कुणाच्या घरी माणूस गेलं की भेटायला जातात, तशा त्या आल्या होत्या. योगासाठी कुणीच आलं नव्हतं.

मी वर्ग बंद केला. आता संध्याकाळी समाजमंदिराला कुलूप असतं, आणि वर्गाच्या चटया माझ्या घरी आहेत.