साडीला आधी स्वतः लटकणाऱ्या बाई

जवळ सरका गं सगळ्या, अशा दाराशी टेकून ऐकू नका. अर्धं ऐकता आणि मग गावभर सांगता, मावशी वाढवून सांगते म्हणून. वाढवत नाही. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या मिडवाइफ बाईंनी नोकरीत एकदाही गरम चहा प्यायला नाही, हे मी त्याच वॉर्डात आयाबाईचं काम करता करता डोळ्यांनी पाहिलं आहे. चहा यायचा, तेवढ्यात कोणाला तरी कळ यायची, आणि बाई उठायच्या. "चहाले कुठी जायचं हाय? बाळ निघालं हाय."

बाई ब्रह्मपुरीकडच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेऊन आल्या होत्या. अडलं-नडलं तर डॉक्टरसाहेब. बाकी पहिल्या कळेपासून बाळ छातीशी लागेपर्यंत सगळं बाईंचं. कळा येणाऱ्या पोरीला त्या पडू द्यायच्या नाहीत, हात धरून व्हरांड्यात फिरवायच्या. सासवांनाही रिकामं बसू द्यायच्या नाहीत, सुनेची पाठ चोळायला लावायच्या. एका सासूचा वर्षभराचा अबोला असा पाठ चोळता चोळता सुटला. पोटाला नळी लावून ठोके ऐकताना बाईंनी बोट वर केलं, की डॉक्टरसाहेबसुद्धा तोंडातलं बिस्कीट चावायचे थांबत. माझी शेळी व्याली तेव्हा माझ्या अंगणात दोन तास उकिडव्या बसल्या आणि मलाच दटावलं, "ओढू नका मावशी, तिले तिचं समजते."

एकदा जंगलातल्या गावाहून एक पहिलटकरीण आली. अंगात रक्त कमी, म्हणजे बाळ झाल्यावर रक्त गेलं तर घरी वाचायची नाही. पण पोरीनं ते उंच लोखंडी टेबल पाहिलं आणि दाराची चौकटच धरली. सोबतची सासू मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आमच्याकडं दोर धरून बसते. हे असं आडवं नाई. आम्ही जातो." आणि गाठोडं उचललंसुद्धा.

बाई रागावल्या नाहीत, समजावत बसल्या नाहीत. कपाटातली स्वतःची जुनी जांभळी साडी काढली, पिळा घातला, छताच्या लोखंडी कडीतून ओवली आणि दोन्ही हातांनी धरून त्या स्वतःच लोंबकळल्या. कडी कुरकुरली. मी देवाचं नाव घेतलं. बाई दोनदा झुलून खाली आल्या. "मी टिकली ना? मंग तुले काऊन भेव?" सासूला हसू फुटलं. पोरगी आत आली, साडी धरून सतरंजीवर बसली.

आणि नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. पडद्याबाहेरूनच त्यांना वरची कडी आणि जांभळा पिळा दिसला. "वॉर्डात झोका? सरकारनं टेबल कशाला दिलंय? काढा ते." पोरीला शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. ती घाबरून सासूकडे पाहू लागली, सासू गाठोड्याकडे. बाई पडद्याबाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काढतो साहेब. पण तिच्या मुठी तुमीच सोडवा. माह्याच्यानं नाई होत."

साहेब व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. बाळ झालं, मुलगी. मग रक्त जाऊ लागलंच. पण बाईंनी इंजेक्शन आधीच भरून ठेवलं होतं, सलाईनची सुई टोचलेली होती, आणि रक्त थांबेपर्यंत बाईंचा हात पोटावरून हलला नाही. तासाभरानं सासूनं गाठोडं सोडून भाकर काढली, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. साहेबांनी वहीत साडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. फक्त लिहिलं, "टेबल नव्यासारखे आहे."

आता बाईंना जिल्ह्याला नवीन सिस्टर शिकवायला नेलंय. चांगलंच झालं म्हणायचं. जंगलाकडच्या बाया आता आपणहून येतात, बाईंच्या जागी आलेल्या सिस्टर साडी बांधतातही, स्वभावानं गोड आहेत. पण त्या आधी स्वतः लटकत नाहीत ना. बाया दारातच थांबतात, वर बघतात. मग मी रिटायर झाले तरी माझं घर समोरच, मला बोलावणं येतं आणि या वयात मी लटकते. पण मी ही अशी काडी. माझ्या वजनावर कोणाचा भरवसा बसत नाही.

म्हणून बाई, हे फिरत फिरत तुमच्या कानावर आलं तर लवकर या. माझ्या नातीचेही दिवस भरत आलेत, आणि ती नुसतं त्या कडीकडे बघते. जांभळी साडी धुवून ठेवली आहे. एकदा लटकून दाखवा, मग माझ्या ओट्यावर बसा. या वेळी चहा गरम असतानाच पाजीन.