ऑक्सिजनपाशी रेघ खाली येते

मैत्रिणींनो, हे मेसच्या बोर्डावर लावतेय, कारण सकाळच्या तासापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

रसायनशास्त्राच्या सरांच्या, मेणकागदी स्टेन्सिलवरून छापलेल्या सायक्लोस्टाइल नोट्समध्ये आयनीकरण ऊर्जेचा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा, आलेख एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे सरळ चढत जातो. पुस्तकात मात्र नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनला कमी ऊर्जा लागते.

मी विचारलं, तर सर म्हणाले, "अगं, स्टेन्सिलवर कोपरे काढले की तो फाटतो. म्हणून सरळ रेघ मारली."

"मग चाचणीत काय काढायचं, सर?"

"सगळे सरळच काढतात."

माझी सायखेड्याची रूममेट म्हणते, "लय डोकं नको लावू, मार्क जातील."

स्टेन्सिल फाटतो म्हणून अणू बदलत नाही. उद्या चाचणीत मी ऑक्सिजनपाशी रेघ खाली आणणार. एकटीच आणू का?