तणसातला भात

ती घटना आठवली की आजही ताटातला भात घशाखाली उतरत नाही.

गोरेगाव तालुक्यातलं धानाच्या पट्ट्यातलं एक गाव. थंडीचे दिवस. सकाळीच पोलीस पाटलाचा ठाण्यात फोन आला. कालपासून तीन लेकरांना जुलाब-उलट्या होत होत्या, त्यातली एक पोरगी पहाटे दवाखान्यात दगावली. तिच्या काकूनंच जहर घातलं म्हणून गावानं काकूचं दार घेरलं होतं. आम्ही जीप काढली.

घरात परवा बारसं झालेलं. चूल वेगळी करण्यावरून दोघी जावांचं आधीच वाजलेलं. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीनं शिल्लक भाताला फोडणी दिली आणि धाकटीनं तो लेकरांना वाढला. त्यात धाकटीच्या खोलीत धानावर फवारायच्या औषधाची बाटली निघाली. आता काय बाकी राहिलं? मोठी, म्हणजे गेलेल्या पोरीची आई, ऊर बडवत जावेचंच नाव घेत होती. मी पंचनामा केला, बाटली आणि उरलेला भात सीलबंद करून तपासणीला धाडला आणि महिला शिपायासोबत धाकटीला ठाण्यात आणलं. जमाव तिथंही आला. तिला आमच्या हवाली करा म्हणू लागला.

मी आवाज चढवला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "कायले जहर देऊ मी, साहेब? थे पोट्टी माह्याच कुशीत झोपे."

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. मग मी तिला बारशाच्या संध्याकाळपासून सगळं सांगायला लावलं. जेवणं आटोपल्यावर जाऊबाईनं भाताचा मोठा गंज झाकून तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, पुरला होता. थंडीत लेकरांना सकाळी ऊन भात मिळावा म्हणून. सकाळी काढला तेव्हाही गंज कोमटच होता.

हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, भात शिजला तरी काही जंतूंची बीजं मरत नाहीत. कोमट भातात ते जंतू रात्रभर वाढतात आणि विष सोडतात. सकाळी फोडणी दिली तरी ते विष जात नाही. पुढं अहवालातही तेच आलं. फवारणीच्या औषधाचा मागमूसही नव्हता. आईच्या मायेनं असं व्हावं?

दोन लेकरं वाचली. धाकटी सुटली, पण जाता जाता तिनं हात जोडले. जाऊबाईला हे सांगू नका, ती जगायची नाही, म्हणाली. पण न सांगता हिच्यावरचा डाग जाणार कसा? गावाला चावडीवर सांगण्याआधी मी मोठीच्या घरी गेलो आणि समोर बसून सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"मी तं गरम करूनच देल्लं होतं जी, साहेब."

मी टोपी काढून हातात घेतली. त्यानंतर विषबाधेची तक्रार आली की वैर कोणाशी, हे मी मागाहून विचारत असे. आधी विचारायचो, काय खाल्लं, कधी शिजवलं आणि रात्रभर कुठं ठेवलं होतं.