पोळ्याच्या पूजेतलं छापचित्र

शिकागोत आमच्या मंडळाचा पोळा तिथीला नव्हे, जवळच्या शनिवारी असे. त्या वर्षी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत मातीचे बैल मिळाले नाहीत. पूजा आमच्याकडे होती, म्हणून मी लेकीला म्हटलं, "तुझं ते बैलाचं चित्र दे." ती पंधरा वर्षांची. उन्हाळाभर शाळेच्या छपाईच्या वर्गात लिनोलियमचे ठसे कोरत होती, आणि मी तिला कॉम्प्युटरच्या वर्गाला जा म्हणत होते. मी चित्र मागितल्यावर इतकी खूश झाली, की न सांगता सलवार-कमीज घालून खाली आली.

मी चित्र चौरंगामागे टेकवलं. नीट पाहिलं नाही. हाताला पुरण होतं.

नागपूरच्या काकूंनी बैलाला हळदकुंकू लावलं. "अगं बाई, खांद्यावर काय सुरेख झिरमिळ्या! आमच्याकडे अस्संच सजवतात."

"काकू, ते भाले आहेत," लेक म्हणाली. "वर कागद लावलाय. त्याला टोचलेत. ही बुलफाइट आहे."

एक डॉक्टरकाका खो खो हसले. "पोळ्याला खाटीकखाना! वहिनी, नैवेद्य कसला आहे मग?"

सगळे हसले. मीही हसले. "शाळेतलं काहीतरी असतं हो," म्हणत चित्र उचलायला वाकले.

लेकीला वाटलं, आता लोक विचारतायत. ती समजावू लागली. पूर्वी बुलफाइटची अशी चित्रं छापून स्वस्तात विकत, तिकीट न परवडणाऱ्यांनाही. रिंगणात सावलीतल्या जागा महाग, उन्हातल्या स्वस्त. "उन्हातल्या लोकांचे चेहरे मी कोरले. सावलीतले नुसते काळे ठेवले. दे पे मोअर, आणि त्यांना कोणी बघत नाही."

"बरं, बरं," काका म्हणाले. "पोळ्या गार होतायत."

तेव्हा मी पहिल्यांदा चित्र पाहिलं. उन्हातल्या एका बाईनं डोळ्यांवर हात धरला होता. बोटंसुद्धा सुटी सुटी कोरलेली. मघाशी मला या मुलीची लाज वाटली होती, या विचारानं कानशिलं तापली. तरी मी पोळ्याच वाढल्या.

लोक गेल्यावर पावाच्या तुकड्यानं कुंकू पुसत बसले. कागदाचाच भुगा सुटायला लागला.

"राहू दे, मॉम. मी दुसरं छापीन."

तिनं छापलं. ते शाळेच्या प्रदर्शनात लागलं, हे मला शेजारणीकडून कळलं, प्रदर्शन संपल्यावर. सांगितलं का नाहीस, असं विचारलं.

"तुला सुट्टी घ्यावी लागली असती," ती म्हणाली. अगदी सभ्यपणे, पाहुण्यांशी बोलावं तशी.